वाफ्यातल्या खापऱ्या

१

कोबा रोज सकाळी दहाच्या कॉफीनंतर बागेत उतरायची आणि उतरताना मागचं दार उघडं ठेवायची. दार लावलं की क्राइनच्या काठीचा आवाज ऐकू येत नाही, एवढंच त्याचं कारण. आधी काठी, मग पाय, मग पुन्हा काठी. हा ठेका चुकला की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. पुन्हा सुरू झाला की खाली बसायची.

फेब्रुवारीत तिचा नवरा क्राइन शेडमागच्या बर्फावरून घसरला होता. खुबा मोडून दोन तास तिथेच पडला होता, हाका मारत होता, आणि कोबा आत घरघरणाऱ्या यंत्रावर पायरीच्या लादीच्या कडा घासत बसली होती. तिला काही ऐकू आलं नाही. जवळच्या गौडा शहरातल्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी त्याला नवा खुबा बसवला. क्राइन आता ती गोष्ट शेजाऱ्यांना रंगवून सांगायचा. कोबाने मात्र त्या दिवसापासून यंत्राला हात लावला नव्हता. त्रेचाळीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. हा माणूस गेला तर आपलं कसं होईल, हे तिला त्या दोन तासांनी पुरतं कळलं होतं. तिला त्याच्या आधी जायचं नव्हतं, आणि त्याच्या मागे तर मुळीच राहायचं नव्हतं.

तिचं काम म्हणजे बागेत ठेवायचे मोझेकचे गोळे. दिव्याच्या जुन्या काचेच्या हंड्या जमवायच्या, त्यात सिमेंट ओतायचं, सुकलं की काच फोडून काढायची आणि त्या गोळ्यावर खापऱ्या चिकटवायच्या. खापऱ्या विकत आणायच्या नाहीत, हा तिचा नियम. त्या भागात त्याची गरजही नव्हती. पूर्वी गौड्याहून, लायडनहून कचऱ्याच्या होड्या भरून यायच्या, आणि शहरांची घाण खत म्हणून इथल्या दलदलीच्या काळ्या मातीवर पसरली जायची. घाण कुजून गेली, फुटकी ताटं-वाडगी राहिली. कुठेही फावडं मारा, निळ्या-पांढऱ्या खापऱ्या वर येतात. दुसरा नियम असा की खापरी कापायची नाही. जमिनीने जशी दिली तशी बसवायची, दोन खापऱ्यांमध्ये काडीएवढी फट सोडायची, मग फटीत राखाडी मसाला भरून ओल्या स्पंजाने पुसून घ्यायचं.

चराच्या पलीकडे राहणारी बेप म्हणायची, "लोक कचरा गाडून टाकतात, तू उकरून मिरवतेस. तुझं सगळं उलटंच." पण सप्टेंबरातल्या एका रविवारी गावातल्या सगळ्या बागा लोकांसाठी उघड्या असायच्या, आणि त्या दिवशी कोबाच्या गोळ्यांपुढे पाहुण्यांना घेऊन बेपच उभी असायची, जणू तिनेच केलेत.

२

एप्रिलात चराकाठच्या वाफ्यात तिला एक खापरी मिळाली. बोटभर रुंद. तिच्यावर बदकाचे केशरी पाय होते. तीन पाय.

कोबाने ती बादलीत धुतली, पुन्हा पाहिली आणि स्वयंपाकघरात गेली. क्राइन खिडकीपाशी कॉफी पीत होता. त्याच्या कपावर बदक होतं. त्याच्या बहिणीने, आद्रीने, कुठल्याशा मातीकामाच्या वर्गात तो कप केला होता. पाय रंगवताना ती बोलत बसली आणि एक पाय जास्त झाला. आद्री गेली, त्यालाही आठ वर्षं झाली. क्राइन दुसऱ्या कपाला तोंड लावत नसे.

"आद्रीने असा कप एकच केला होता का रे?"

"एकच. दुसरा करू नकोस म्हणून सगळ्यांनी हात जोडले होते."

"बरं."

खापरीच्या झिलईला केसासारख्या चिरा होत्या आणि त्यांत काळ्या मातीचा तपकिरी रंग खोल उतरला होता. हा रंग वर्षा-दोन वर्षांत उतरत नाही, त्याला पन्नास-साठ वर्षं लागतात. कोबाला खापऱ्यांचं वय कळत असे. तिने स्वतःची समजूत काढली की असे वर्ग पूर्वीही असतील आणि मूर्ख माणसं तर प्रत्येक पिढीत असतात. खापरी चांगली होती. तिने ती नव्या गोळ्यावर मधोमध बसवली.

३

मेमध्ये कप फुटला. क्राइनच्या हातातून निसटला, लादीवर आपटला. कोबाने तुकडे गोळा केले, टेबलावर मांडले आणि कप जुळवायला घेतला. अकरा तुकडे जुळले. बाराव्याची जागा रिकामी राहिली. बदकाला पायच नव्हते.

तिने चुलीखाली झाडू घातला. फ्रिज ओढला. क्राइनला उठवून त्याच्या सपाता झटकल्या.

"एवढं काय त्याचं," तो म्हणाला. "गेला तो गेला."

तिने रिकाम्या जागेवर कागद धरला, पेन्सिलीने कड उतरवली, कापली आणि बागेत जाऊन गोळ्यावरच्या खापरीवर ठेवली. कागद खापरीवर बरोबर बसला, कुठे उणा नाही की अधिक नाही.

कोबा तिथे बसून राहिली. तिने सरळ विचार करून पाहिला. कपाचा टवका आधीच उडाला असेल, आपणच तो उचलून बागेत नेला असेल. पण एप्रिलपासून क्राइन रोज त्याच कपात कॉफी पीत होता, आणि एवढं मोठं भोक पडलेल्या कपात कॉफी राहत नाही. आत काठी वाजत होती. सगळं जागच्या जागी होतं.

४

जूनमध्ये त्याच वाफ्यात एक लिंबू मिळालं. चिनी मातीचं, पिवळं, देठाशी मोडलेलं. ते कुठलं हे तिला लगेच कळलं. बेपकडे सुपाचं एक मोठं भांडं होतं, त्याच्या झाकणाला असंच लिंबू होतं. ती कॉफीच्या निमित्ताने बेपकडे गेली. भांडं कपाटावर होतं, झाकण अख्खं होतं, लिंबू जागेवर होतं.

"काय सारखी त्याच्याकडे बघतेस?" बेप म्हणाली. "मुलगी पाहायला आल्यासारखी. आवडलंय तर घेऊन जा एकदाची. मी एकटी कशाला सूप करत्येय एवढ्या भांड्यात?"

कोबाने ते आणलं. झाकण टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवलं. फुटणार कसं, हे तिला बघायचं होतं. दोन आठवडे ते तिथे राहिलं. मग ते ठीक आहे ना, हे बघण्यासाठी तिने एका दुपारी टॉवेल ओढला, आणि झाकण टॉवेलातून सरकून खाली आलं.

लिंबू सापडलं नाही. तिने फार शोधलंही नाही. ते कधीच गोळ्यावर बसवून झालं होतं.

क्राइन दारात येऊन म्हणाला, "आज काय फुटलं?"

"बेपचं झाकण."

"तिला सांगू नकोस. आणखी काहीतरी आणून देईल."

५

जुलैत वाफ्याने जे दिलं ते काय आहे, हे तिला ओळखता आलं नाही. फिकट गुलाबी रंगाची गोटी, पेढ्याएवढी, एका बाजूने सपाट. सपाट बाजूला एक भोक आणि भोकाभोवती मुंगीएवढे आकडे. इतकी गुळगुळीत वस्तू त्या मातीतून आजवर आली नव्हती. कपाटाच्या खणाची मूठ असेल, असं तिने ठरवलं. घरातल्या सगळ्या मुठी तपासल्या. गुलाबी एकही नव्हती, तेव्हा तिला हायसं वाटलं. गोटी तिने गोळ्याच्या माथ्यावर बसवली.

ऑगस्टमध्ये क्राइनला सहा महिन्यांच्या तपासणीला बोलावलं. डॉक्टरीण तरुण होती. तिने त्याला चालवलं, वाकवलं, फोटो पाहिला, समाधानाने मान हलवली आणि खणातून एक नमुना काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या आत हे आहे. बघायचं का?"

धातूचा दांडा होता, आणि दांड्याच्या टोकावर फिकट गुलाबी गोटी.

"बायकोला दाखवू नका," क्राइन म्हणाला. "गोळ्यावर चिकटवेल."

डॉक्टरीण हसली आणि तिने गोटी दांड्यावरून काढून कोबाच्या हातात दिली. कोबाने अंगठा भोकात घातला. भोक तिच्या ओळखीचं होतं.

"ही चिनी माती का?"

"त्याच जातीची म्हणा. पण तुमच्या कपबश्यांपेक्षा कितीतरी पक्की. माणूस जाईल, हिला काही होणार नाही."

"मग नंतर हिचं काय होतं?"

"नंतर म्हणजे?"

"माणूस गेल्यावर."

क्राइन म्हणाला, "बघा, मला अजून नीट बसताही येत नाहीये, हिची पुढची तयारी सुरू."

"दहन केलं तर राखेतून असलं सगळं वेगळं काढतात," डॉक्टरीण म्हणाली. "पुरलं तर राहते तिथेच."

क्राइन आणि कोबा, दोघांनीही दहनाच्या कागदावर केव्हाच सह्या केल्या होत्या.

६

बसवलेल्या खुब्याचं एक कार्ड इस्पितळातून मिळतं. त्यावर आकडे असतात. कोबाने ते क्राइनच्या पाकिटातून काढलं, छिन्नीने गोटी गोळ्यावरून उचकटली, भोकाभोवतीचा गिलावा टोकरला आणि भिंग लावून वाचलं. मग कार्ड वाचलं. मग दोन्हींवरचे आकडे पुन्हा वाचले; ते तेच होते. शेवटी कार्ड पाकिटात ठेवलं आणि गोटी एप्रनच्या खिशात.

तिच्या डोक्यात भुताखेताचं काही आलं नाही. ती हिशोबी बाई होती. तिने ओळीने विचार केला. गोटी इथल्या मातीत होती आणि मातीचा रंग तिच्या आकड्यांच्या खाचांत उतरला होता. म्हणजे ती इथे बरीच वर्षं पडून राहणार आहे. दहन झालं तर ती इथे येणार नाही. गावच्या दफनभूमीत पुरलं तरी इथे येणार नाही. ती इथे यायची तर क्राइनला या वाफ्यात, गुपचूप, कुणीतरी पुरायला हवं. आणि या बागेत आजवर एकाच माणसाचं फावडं चाललं होतं.

त्या दिवसापासून ती स्वतःवर नजर ठेवू लागली. शेडमधलं उंदरांचं औषध तिने नगरपालिकेच्या डेपोत नेऊन दिलं. छिन्नी आणि हातोडी पोटमाळ्यावर टाकली. फावडं बेपकडे दिलं, कंबर धरलीये म्हणून. क्राइनवर आपण कधी चिडलो तर कशावरून चिडू, याची ती मनात उजळणी करायची आणि त्या गोष्टी टाळायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण तिचा ब्रह्मराक्षस पाठीमागे नव्हता. तो तिच्याच हातांनी ताटं विसळत होता.

"तू मला घाबरतेस का?" क्राइनने एकदा विचारलं.

"नाही."

"मग लांब का बसतेस?"

तिला रडू येत होतं, पण रडण्याचं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ती रडली नाही.

गोळा तसाच राहिला. माथ्यावर गिलाव्याचा खड्डा होता. बागांचा रविवार जवळ येत होता.

७

शनिवारी दुपारी खुर्चीत तिचा डोळा लागला. जाग आली ती शांततेने. काठी वाजत नव्हती.

काठी दाराशी टेकवून ठेवली होती. कोबा अनवाणी धावली. शेडमागे कुणी नव्हतं. चराकाठी क्राइन उभा होता, गुडघाभर खड्ड्यात, हातात फावडं. तो घामाघूम झाला होता आणि त्याचा चेहरा खुलला होता.

"उठलीस? तुला उद्या सकाळी दाखवणार होतो," तो म्हणाला. "बेपकडून फावडं आणलं. तुझा गोळा बोडका राहिलाय, उद्या लोक येणार. म्हटलं, बायको हरलीये तर आपण उकरू. आणि बघ, काठीशिवाय."

खड्ड्याच्या काठावर पांढरं पातेलं होतं. त्यात धुतलेल्या खापऱ्या होत्या, निळ्या, पांढऱ्या, एक हिरवी. कोबाने पातेलं हलवलं. तळाशी तीन दात होते, एकमेकांना जोडलेले, चिनी मातीचे. मधल्या दाताचा कोपरा उडाला होता.

"हां, ते एक सापडलं," क्राइन म्हणाला. "लायडनच्या कुणा सावकाराची कवळी."

कोबाने ते दात उलटे केले. मागच्या बाजूला बारीक करडी रेघ होती, शेवटाकडे थोडी वर गेलेली. सहा वर्षांपूर्वी गौड्याच्या दंतवैद्याने तिच्या डाव्या बाजूला असेच तीन दात बसवले होते, आणि ती रेघ ती रोज आरशात बघत होती. तिने जीभ फिरवली. दात तोंडात होते. मधल्या दाताचा कोपरा शाबूत होता.

"कुठे मिळालं हे?"

"तुझं ते गुलाबी काय होतं ना, त्याच जागी, जरा खाली. अजून आहे. दोन वाडगी पालथी पडलीयेत, मोठी, एकमेकांना टेकून. फुटायला नकोत म्हणून आता हाताने काढणार होतो."

कोबा काठावर वाकली. दलदलीची माती, खड्डा केला की पाणी येतंच. पाणी चढत होतं. त्याखाली दोन तपकिरी घुमट होते, एक मोठा आणि एक जरासा लहान, लहान मोठ्याला टेकलेला. मोठ्यावर एक बारीक नागमोडी रेघ गेली होती, तडा गेल्यासारखी, पण तडा नव्हे. मग पाणी त्यांच्यावरून गेलं आणि काही दिसेनासं झालं.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, अख्खी आहेत."

"म्हणूनच. मी फुटकंच वापरते."

क्राइनने खांदे उडवले आणि माती ओढायला सुरुवात केली. कोबा गुडघ्यांवर बसून हाताने लोटू लागली. ही आपण दोघं आहोत, हे तिला आता नीट कळत होतं. म्हणजे हात आपले नव्हेत. म्हणजे मागे राहायचं नाही. तिला बरं वाटलं, महिन्याभरात पहिल्यांदा इतकं बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतंय हे कळल्यावर तिला मनापासून भीती वाटली. कारण दोघांवर माती ओढायला तिसरं कुणीतरी लागतं.

"झालं का फावडं?" चराच्या पलीकडून बेपने विचारलं. "मलाही लागणारे."

"आणून देतो," क्राइन म्हणाला.

८

रविवारी ऊन पडलं. लोक आले, गोळ्यांचे फोटो काढले, तीन पायांवर हसले. माथ्यावरचा खड्डा कोबाने सकाळी एका साध्या निळ्या खापरीने झाकला होता. बेप पाहुण्यांना माहिती देत होती. अकराच्या सुमाराला तिने स्वतः केलेला सफरचंदाचा टार्ट आणला आणि सगळ्यांना वाढला.

कोबाने कालपासून पाव दुधात भिजवून खाल्ला होता. पण बेप बशी घेऊन समोर उभी राहिली. "घे ना. मऊ आहे लोण्यासारखा. तुझ्यासाठी मुद्दाम अक्रोड घातलेत."

कोबाने लहान घास घेतला, उजव्या बाजूने चावला. घास फिरला. अक्रोडाच्या टरफलाचा कण असावा. डाव्या बाजूला कट् असा आवाज झाला, तिला एकटीलाच ऐकू येण्याइतका.

तिने जीभ नेली. मधल्या दाताचा कोपरा गेला होता.

"कसा झालाय?" बेपने विचारलं.

"छान झालाय."

क्राइन गवतातून काठीशिवाय चालत येत होता, वाटेत भेटेल त्याला आपला खुबा थापटून दाखवत. कोबाने तो बारीक तुकडा जिभेवर धरला, कॉफीचा घोट घेतला आणि गिळून टाकला.

"काय गं, ठसका लागला?" तो जवळ येऊन म्हणाला.

"नाही. बस इथे."

"अजून लोक यायचेत."

"येऊ देत. तू बस." ती बाकावर सरकली आणि चारचौघांत तिने त्याचा हात हातात घेतला. हे तिने त्रेचाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं. क्राइन थोडा लाजला, इकडेतिकडे पाहिलं आणि बसून राहिला.